तारा कासव : सुटका केलेल्या कासवांची ओळख व संगोपन

तारा कासव (शास्त्रीय नाव जिओकेलोन एलिगन्स) हे जमिनीवर राहणारे शाकाहारी कासव असून बाजारात ‘स्टार कासव’ म्हणून विकले जाते. गुजरात-राजस्थान व लगतचा पाकिस्तान, दक्षिण भारतातील झुडपी माळराने आणि श्रीलंका हे त्याचे मूळ प्रदेश. शहरी घरांत सापडणारी कासवे सहसा चोरट्या व्यापारातून आलेली असतात. घरात कासव असले की लक्ष्मी टिकते, ही समजूत या व्यापाराचे खरे भांडवल आहे. देवळाच्या सभामंडपातल्या दगडी कासवाला निदान भूक लागत नाही.

ओळख : सुटका झालेल्या कासवाचा पहिला उपचार म्हणजे त्याची अचूक ओळख. कासव म्हणजे पाण्यातला जीव, असे समजून तारा कासव टाकीत, विहिरीत किंवा देवळाच्या तळ्यात सोडले जाते आणि बुडून मरते. त्याला पोहता येत नाही. म्हणून आधी पाय पाहावेत. खांबासारखे, खवलेदार, बोटांत पडदा नसलेले पाय हे जमिनीवरच्या कासवाचे लक्षण. पडदे असलेले चपटे पाय पाण्यातल्या कासवाचे. तारा कासवाची पाठ घुमटाकार असते. काळपट खवल्यांवर मधल्या पिवळ्या ठिपक्यातून पिवळे पट्टे किरणांसारखे फुटतात. पोटाकडच्या कवचावरही किरण असतात. म्यानमारच्या तारा कासवाच्या पोटावर किरणांऐवजी गडद डाग असतात. मादी नरापेक्षा बरीच मोठी. नराची शेपटी लांब असते.

मत्स्यालयांतून विकले जाणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हिरवे कासव मूळचे अमेरिकेतले व पाण्यातले. तेही तलावात सोडू नये. स्थानिक कासवांचे अन्न व ऊन खाण्याच्या जागा ते बळकावते.

प्रकृती : पोळी, दूधभात, काकडी-टोमॅटो यांवर फरशीच्या खोलीत वाढलेल्या कासवाचे कवच मऊ किंवा वेडेवाकडे होते. त्यामागे कॅल्शियमची व उन्हाची कमतरता असते. खवले सुळक्यांसारखे वर येणे हे वाढीच्या वयातील कोरड्या हवेशी व चुकीच्या आहाराशी निगडित मानले जाते. पुढे आहार सुधारला तरी आलेले सुळके जात नाहीत. नाकातून बुडबुडे, तोंड उघडे ठेवून श्वास, सुजलेले डोळे दिसल्यास पशुवैद्याकडे नेण्यास उशीर करू नये. कवच हा जिवंत अवयव आहे; त्याला भोक पाडून दोरी बांधणे किंवा रंग लावणे ही इजाच होय.

संगोपन : नवे कासव इतरांपासून काही महिने वेगळे ठेवतात, कारण निरोगी दिसणारे कासवही संसर्ग वाहून आणते. वजनाची नियमित नोंद ठेवावी. आजार दिसण्याआधी वजन उतरते. हनुवटीखाली राहील इतक्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवल्यास ते पाणी पिते व मलमूत्र विसर्जन करते. आहारात हरळी व इतर गवत मुख्य असावे. जोडीला जास्वंद, तुती, शेवगा यांचा पाला व काटे काढलेली नागफणी. पालक रोज नको, प्राणिज अन्न अजिबात नको. ऊन खाण्याची जागा सुमारे 32 ते 35 अंश सेल्सिअस, शेजारी सावली. काचेआडच्या उन्हाचा उपयोग नाही. त्यातील आवश्यक अतिनील किरण काच अडवते. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत; निरोगी कासवाच्या विष्ठेतूनही साल्मोनेला हा रोगजंतू पसरतो.

कायदा व पुनर्वसन : हे संगोपन वनविभागाच्या परवानगीने चालणाऱ्या केंद्रांचे काम आहे, कितीही प्रेम असले तरी घरी बाळगणे हा गुन्हाच ठरतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर ही जाती अनुसूची 1 मध्ये आहे. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ करारानेही 2019 मध्ये तिला परिशिष्ट 1 मध्ये घेतले. महाराष्ट्रात कासव सापडल्यास वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. जवळच्या माळावर सोडून देणे हा पर्याय नाही : पश्चिमेकडील व दक्षिणेकडील कासवांत आनुवंशिक फरक आहेत, आणि पाळीव अवस्थेतील आजार रानातल्या कासवांत शिरू शकतात. 2018 मध्ये सिंगापूरहून 51 तारा कासवे कर्नाटकात परत आणण्यात आली, तेव्हा त्यांनाही आधी विलग ठेवण्यात आले.