शिकाऊ वैमानिकांची बेरोजगारी (भारत)

व्यावसायिक वैमानिक परवाना मिळवूनही विमान कंपनीत काम न मिळालेल्या, किंवा नेमणूक होऊन ती कायम होण्याआधीच गमावलेल्या तरुण वैमानिकांच्या स्थितीस शिकाऊ वैमानिकांची बेरोजगारी असे म्हटले जाते. भारतातील हवाई वाहतूक १९९० च्या दशकात खासगी कंपन्यांना खुली झाली. तेव्हापासून या व्यवसायातील प्रत्येक मंदीत हा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. २००८ ते २०१३ हा त्याचा सर्वांत दीर्घ कालखंड होय. २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडल्यावर आणि २०२०-२१ मध्ये करोनाच्या साथीत तो पुन्हा तीव्र झाला.

'शिकाऊ' हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. ज्यांना तो लावला जातो त्यांचे मूलभूत शिक्षण संपलेले असते आणि त्यांच्याकडे शासनमान्य परवानाही असतो. विमान कंपनीच्या दृष्टीने मात्र ते शिकाऊच असतात, कारण प्रवासी विमानाच्या कक्षात बसण्यासाठी लागणारी पुढील पायरी कंपनीच्या दाराशीच सुरू होते.

== परवाना आणि त्यापुढील टप्पे ==

भारतात परवाने देण्याचे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) करते. व्यावसायिक परवान्यासाठी किमान वय १८ वर्षे असावे लागते. भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी उत्तीर्ण असणे, हवाई नियम, हवामानशास्त्र, दिक्चालन इत्यादी विषयांच्या परीक्षा, प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी आणि २०० तासांचे उड्डाण या अटीही पूर्ण कराव्या लागतात. हे तास बहुधा एक किंवा दोन इंजिनांच्या छोट्या विमानांवर होतात. परदेशात शिकलेल्यांना भारतात परतल्यावर महासंचालनालयाच्या परीक्षा देऊन परवाना रूपांतरित करून घ्यावा लागतो.

यानंतर 'टाईप रेटिंग' येते. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ अशा एका विशिष्ट विमानप्रकाराचे हे प्रशिक्षण मुख्यतः सिम्युलेटरवर दिले जाते. एका प्रकारची पात्रता दुसऱ्या प्रकारास चालत नाही. उमेदवाराने बोइंगचे प्रशिक्षण घेतले आणि भरती निघाली ती एअरबसच्या कंपनीत, तर लाखो रुपये खर्चून मिळवलेले प्रमाणपत्र तसेच पडून राहते.

परवाना मिळाला की तो जपावाही लागतो. वैद्यकीय तपासणी ठरावीक मुदतीने करावी लागते, उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याची पात्रता दरवर्षी नव्याने सिद्ध करावी लागते आणि अलीकडच्या काळात उड्डाण केल्याची नोंदही दाखवावी लागते. ही उड्डाणे तासाच्या दराने पैसे भरून करायची असतात. बेकार पदवीधर घरी बसला तरी त्याची पदवी कालबाह्य होत नाही. बेकार वैमानिकाला मात्र बेकार राहण्यासाठीही खर्च करावा लागतो.

== खर्च आणि कर्ज ==

अलीकडच्या काळात परवान्यापर्यंतचे शिक्षण साधारणतः ४० लाख रुपयांच्या पुढे जाते. टाईप रेटिंगचा खर्च वेगळा असून तो १० लाखांहून अधिक असतो. पूर्वी हा भार काही प्रमाणात कंपन्या उचलत. कमी दराच्या विमानसेवा सुरू झाल्यावर तो बहुतांशी उमेदवारावर आला.

बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते; त्यापुढे मालमत्ता तारण ठेवावी लागते. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँका ज्या २००२ च्या कायद्याचा (सरफेसी) आधार घेतात, तो शेतजमिनीस लागू होत नाही. त्यामुळे अशा कर्जासाठी शेतजमीन तारण घेण्यास बँका सहसा तयार नसतात. उजनी जलाशयाकाठच्या जेऊर (ता. करमाळा, जि. सोलापूर) परिसरासारख्या ऊस-केळीच्या पट्ट्यात याचा अर्थ असा होतो की, घरी बागायत असूनही बँकेपुढे ठेवायला शहरातले घर वा भूखंड लागतो. तो नसल्यास शेत विकणे किंवा नातेवाइकांकडून उसनवारी करणे हेच मार्ग उरतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्या पगारदार कुटुंबाचीही स्थिती फारशी वेगळी नसते. कर्जाचे हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर ठरावीक मुदतीने सुरू होतात. नोकरी लागली की नाही याची वाट ते पाहत नाहीत.

== तेजीचा काळ ==

ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कनने कमी दराची सेवा सुरू केली. २००५ मध्ये किंगफिशर, स्पाइसजेट व गोएअर आणि ऑगस्ट २००६ मध्ये इंडिगो या कंपन्या आल्या. विमाने वेगाने वाढली आणि कप्तान कमी पडू लागले, म्हणून परदेशी वैमानिक मोठ्या पगारावर आणले गेले. या पगारांच्या बातम्या वृत्तपत्रांत झळकू लागल्या. उड्डाण शाळांच्या जाहिरातींनाही बहर आला आणि अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व फिलिपिन्स येथे शिकायला जाणाऱ्यांची संख्या वाढली.

महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. जे. आर. डी. टाटा यांनी मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला. या क्लबाचे उड्डाण प्रशिक्षण पुढे धुळ्यात होऊ लागले. बारामतीच्या धावपट्टीवरही खासगी प्रशिक्षण संस्था आहेत. गोंदियाजवळ बिरसी येथे भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. तेथील प्रशिक्षण सुरू झाले ते २००८ मध्ये, म्हणजे नेमके मंदीच्या तोंडावर.

हा योगायोग अपवादात्मक नाही. प्रवेश घेण्यापासून टाईप रेटिंग पूर्ण होईपर्यंत दोन वर्षे सहज जातात. विद्यार्थी प्रवेश घेतो तो तेजीतल्या बातम्या वाचून. बाहेर पडतो तेव्हा बाजार कुठे असेल हे कोणासच सांगता येत नाही. २००६ मध्ये घराबाहेर पडलेली तुकडी २००८ मध्ये परवाने घेऊन परतली.

== ऑक्टोबर २००८ ==

जुलै २००८ मध्ये खनिज तेलाचा दर पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत गेला. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही वित्तसंस्था कोसळली आणि प्रवासी घटले. १३ ऑक्टोबर रोजी जेट एअरवेज आणि किंगफिशर या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी परस्पर सहकार्याचा करार जाहीर केला. लगेचच जेट एअरवेजने सुमारे ८०० कर्मचाऱ्यांना कमी केले. एकूण कपात सुमारे १,९०० जणांची होणार होती. कमी झालेल्यांत केबिन क्रूचे तरुण-तरुणी सर्वाधिक होते. कपातीचा निकष एकच होता, सेवेत कायम नसणे.

१५ ऑक्टोबरला गणवेशातील हे कर्मचारी मुंबईत रस्त्यावर उतरले. हवाई क्षेत्रातील नोकरदार वर्ग अशा रीतीने निदर्शने करताना लोकांनी क्वचितच पाहिला होता. त्यांच्यापैकी अनेकजण महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे अध्यक्ष राज ठाकरे यांना भेटले. कर्मचाऱ्यांना परत न घेतल्यास जेटची विमाने महाराष्ट्रातून उडू देणार नाही, असा इशारा ठाकरे यांनी दिला. इतर पक्ष व कामगार संघटनांनीही कपातीस विरोध केला. त्या वेळी केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रिपद गोंदियाचे प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होते. १६ ऑक्टोबरच्या रात्री कंपनीचे अध्यक्ष नरेश गोयल यांनी सर्वांना परत घेत असल्याचे जाहीर केले.

हा प्रसंग महाराष्ट्रात बहुधा राजकीय विजय म्हणून आठवला जातो. या प्रश्नाच्या दृष्टीने त्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. परत घेतले गेले ते कंपनीच्या हजेरीपटावर असलेले लोक. त्याच आठवड्यांत कंपन्यांनी नवी भरती थांबवली. परवाना हाती घेऊन दाराशी उभ्या असलेल्या उमेदवारांना कोणी काढून टाकले नव्हते, त्यामुळे त्यांना परत घेण्याचा प्रश्नही उद्भवला नाही. ते कोणत्याही कपातीच्या आकड्यात आले नाहीत.

== २००९ ते २०१३ ==

पुढील काळात परवानाधारक बेरोजगारांची संख्या काही हजारांच्या घरात गेल्याचे वृत्तपत्रांतून सांगितले जाऊ लागले. परदेशी वैमानिकांची सेवा संपवण्यासाठी महासंचालनालयाने ठरवलेली मुदत अनेकदा वाढवण्यात आली, ही या तरुणांची मोठी तक्रार होती. कंपन्यांचे उत्तर असे की, परदेशी वैमानिक कप्तान म्हणून येतात आणि नवपरवानाधारक त्यांची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते.

२०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली आणि परवान्यांची फेरतपासणी झाली. थोड्यांच्या गैरप्रकारामुळे प्रामाणिक उमेदवारांच्या कागदांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

किंगफिशरचे पगार थकू लागले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये तिचा उड्डाण परवाना निलंबित झाला. तिचे अनुभवी वैमानिक इतर कंपन्यांत गेल्याने नवख्यांची रांग आणखी मागे सरकली. या वर्षांत अनेकांनी विमानतळावरील जमिनीवरची कामे, कॉल सेंटर किंवा उड्डाण शाळेतील शिकवणी पत्करली. शिकवणी त्यातल्या त्यात बरी, कारण तिच्यामुळे उड्डाणाचे तास वाढतात.

== जेटचा अस्त आणि करोना ==

१७ एप्रिल २०१९ रोजी अमृतसर-मुंबई या अखेरच्या उड्डाणानंतर जेट एअरवेज बंद पडली. तिच्या बोइंग ७३७ वैमानिकांपैकी अनेकांना स्पाइसजेटने घेतले. मार्च २०१९ पासून बोइंग ७३७ मॅक्स विमाने जमिनीवर असल्याने तेथील जागाही मर्यादित होत्या.

२५ मार्च २०२० पासून देशांतर्गत प्रवासी उड्डाणे दोन महिने पूर्ण थांबली. इंडिगोने जुलैमध्ये १० टक्के कर्मचारी कपात जाहीर केली आणि एअर इंडियाने दीर्घ मुदतीच्या बिनपगारी रजेची योजना आणली. २०२० मध्ये महासंचालनालयाने ५७८ व्यावसायिक परवाने दिले. मागणी परतल्यावर २०२३ मध्ये हाच आकडा १,६२२ झाला. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईस्थित गो फर्स्ट ही कंपनी बंद पडली.

== कायदेशीर स्थिती ==

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये कामगार कपातीसाठी 'शेवटी आलेला प्रथम जाईल' हे तत्त्व होते. नोटीस व भरपाईचे संरक्षण एक वर्ष सलग सेवा केलेल्यासच मिळे. वैमानिक 'कामगार' या व्याख्येत बसतो का, हा वादही न्यायालयांपुढे वारंवार आला. परिवीक्षेवरील वैमानिक दोन्ही निकषांवर दुबळा ठरे.

वैमानिकाने नोकरी सोडायची झाल्यास मात्र नियम कडक आहेत. २००९ च्या नियमानुसार सहा महिन्यांची नोटीस आवश्यक होती. २०१७ मध्ये कप्तानांसाठी ती एक वर्ष करण्यात आली. अमेरिकेत मोठ्या कंपन्या मंदीत वैमानिकांना ज्येष्ठतेच्या यादीनुसार तात्पुरते घरी पाठवतात आणि काम वाढल्यावर त्याच क्रमाने परत बोलावतात. ११ सप्टेंबर २००१ नंतर तेथे हजारोंनी असा काळ काढला. भारतातील नवख्यांना परत बोलावले जाण्याचा असा सर्वमान्य हक्क नाही.

== तुटवडा आणि बेरोजगारी ==

वैमानिकांचा तुटवडा आणि वैमानिकांची बेरोजगारी यांच्या बातम्या एकाच वेळी येतात, त्यामुळे वाचक गोंधळतात. तुटवडा असतो तो मुख्यतः कप्तानांचा. कप्तान होण्यास १,५०० तासांच्या अनुभवावर मिळणारा वरचा परवाना आणि सहवैमानिक म्हणून काही वर्षांची सेवा लागते. बेरोजगारी असते ती २०० तासवाल्यांची. कंपनीने मंदीत नवखे घेतले नाहीत, की पुढे चार-पाच वर्षांनी तिला कप्तान कमी पडतात.

विश्रांतीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यानंतर डिसेंबरच्या प्रारंभी इंडिगोला वैमानिकांअभावी हजारो उड्डाणे रद्द करावी लागली आणि महासंचालनालयाने तिला काही नियमांतून तात्पुरती सवलत दिली. सोलापूर विमानतळावरून गोव्याकडे नियमित सेवा सुरू झाली तीही याच वर्षी, ९ जून रोजी.