धानाचे बी आणि आपले रक्त



नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास पटेल-३ धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या. त्यांचे बी निराळे राखले, दरसाल पेरले, आणि एच. एम. टी. हा वाण तयार झाला. माणसाने निवड केली, धान बदलले. पण आपल्या राहणीने आपण स्वतःही बदलत असतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

सिकलसेलचेच पाहा ना. या आजारात गोल रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते. अंग ठणकते, रक्त कमी पडते. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच हा आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक. तो धडधाकट असतो, रोवणा-कापणी सारे करतो.

मग असा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिले, की वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. १९५८ साली फ्रँक लिव्हिंगस्टोन यांनी पुढची कडी जोडली. पश्चिम आफ्रिकेत शेतीसाठी जंगल तोडले, उघड्यावर डबकी साचली, डास वाढले, मलेरिया वाढला. त्यात वाहक जास्त तगले. म्हणजे कुऱ्हाड माणसाने चालवली आणि निवड त्याच्याच रक्ताची झाली!

भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम आढळला. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतही तो आहे, आणि मलेरियाही आहे. त्यात आपली सोयरीक आपल्याच समाजात होते. त्यामुळे वाहकाला वाहक भेटण्याचा संभव वाढतो. दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक.

आता मलेरियावर औषध आहे, मच्छरदाणी आहे. जुना फायदा सरत चालला, दुखणे मात्र उरले. बियाणे आपण उगवण तपासून पेरतो. मग सोयरीक जुळवताना पत्रिकेआधी रक्त का तपासू नये?

१ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा, तरुण पोरापोरींची तपासणी करून घ्या. दोघेही वाहक निघाले तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. आणि एक ध्यानात ठेवा : वाहक असणे हा रोग नाही, कलंक तर नाहीच नाही. सुनेला बोल लावू नका. मूल आजारी निघाले तर दोष दोन्ही घरांकडून आलेला असतो.