चौदा दिवसांची नोटीस

ब्रिटनमध्ये पोलिसांचे पाकीट दारात पडले की आपल्या मंडळींच्या पोटात गोळा येतो. 'तुमच्यावर खटला भरण्याचा विचार आहे' असे कळवणारी ती नोटीस. पण ही प्रथा पडली चालकाच्या भल्यासाठी. १९०३च्या कायद्यात ती वेगमर्यादा मोडणाऱ्यांपुरती होती, मुदत २१ दिवस. १९३०च्या कायद्याने बेफिकीर ड्रायव्हिंगलाही ती लागू केली: जागच्या जागी तोंडी ताकीद, नाहीतर १४ दिवसांत नोटीस किंवा समन्स. वेग निदान मोजता येतो. बेफिकिरी बघणाऱ्याच्या नजरेत असते. महिन्यानंतर विचारले, तर कुठल्या वळणावर आपण काय केले हे कुणाला आठवणार, आणि साक्षीदार कुठून आणणार?

ताकीद चालकाला ऐकू येऊन कळायला हवी, असे १९८०मध्ये कोर्टाने गिब्सन विरुद्ध डाल्टन खटल्यात ठरवले. इंग्रजी अजून कानावर न बसलेल्या नवख्या माणसाला हा केवढा आधार! अपघात झाला असेल तर मात्र नोटीस लागत नाही. तेही मला रास्त वाटते. अपघात कोण विसरेल?

भारताच्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यात, कलम २०९मध्ये, वेग आणि धोकादायक ड्रायव्हिंगसाठी हेच १४ दिवस आहेत. पुण्याच्या घरी मी ते कुणाच्या तोंडून कधी ऐकले नाही.