गोतसभा आणि पाड्याची ग्रामसभा

थळ घाटाच्या पायथ्याचे कसारा ज्यात मोडते तो शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्र आहे. शेजारच्या मुरबाडातील काही गावेच तेवढी त्यात येतात. 1996 च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रांतील ग्रामसभेस विशेष अधिकार दिले, व 2014 च्या महाराष्ट्राच्या नियमांनी पाड्यासही स्वतंत्र गाव होण्याची वाट दाखविली. या व्यवस्थेस जुन्या गोतसभेचे पुनरुज्जीवन म्हणण्याचा मोह होतो. परंतु मराठेशाहीतील महजर काय सांगतात? निवाडा गोताच्या साक्षीने होई व खाली पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या पडत. मते मोजण्याची चाल तेथे नव्हती. हजर कोण, हाच मुख्य प्रश्न. आणि हजर असत ते बहुधा वतनदार व बलुतेदार. ज्यास वतन नाही, त्याची निशाणी कोठून असणार? डोंगरकडेच्या ठाकूर, कातकरी वस्त्यांस अशा बैठकीत स्थान असण्याचे कारणच दिसत नाही. साम्य असेल ते सर्वांदेखत, शक्य तो एकमताने निर्णय करण्याच्या रीतीत आहे. सभासदत्वात मुळीच नाही. आज मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक स्त्रीपुरुष ग्रामसभेचा घटक होय, आणि आपला पाडा हेच गाव, असा ठरावही त्या मतदारांनीच करावयाचा असतो.