एका फुटाला चार मिलिमीटर

खेळण्यातली आगगाडी म्हटलं की आपल्यापुढे येते ती किल्ली दिली की गोल रुळांवर गरगर फिरणारी पत्र्याची गाडी. पोरं मोठी झाली की ती माळ्यावर जाते आणि विषय तिथेच संपतो. ब्रिटनमध्ये मात्र तो संपत नाही. तिथे वकील, मास्तर, निवृत्त इंजिनिअर अशी चांगली जाणती माणसं आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवतात आणि एका फळीवर रूळ, डोंगर, स्टेशन आणि गाड्या उभ्या करत वर्षानुवर्षं घालवतात. हा नुसता विरंगुळा असता तर त्यावर इतिहासाच्या अंगानं बोलायचं कारण नव्हतं. पण यांतले काही जण आधी एक गाव निवडतात आणि मग एक साल. साल ठरलं की खेळाचा इतिहास होतो. कसा, ते स्कॉटलंडच्या एका उदाहरणावरून पाहू या.

एडिंबराच्या उत्तरेला फोर्थ नावाची रुंद खाडी आहे. तिच्या पलीकडच्या काठावर बर्न्टआयलंड हे छोटं बंदर आहे. स्कॉटलंडच्या पूर्व भागातल्या हौशी मंडळींच्या एका गटानं, 'ईस्ट ऑफ स्कॉटलंड फोर एमएम ग्रुप'नं, या बंदराचं स्टेशन प्रतिकृतीत उभं केलं आणि त्याला नाव दिलं 'बर्न्टआयलंड १८८३'. नावातच साल आहे. १८८२ नाही, १८९० तर नाहीच नाही.

हेच साल का महत्त्वाचं, हे कळायला थोडं मागं जावं लागेल. खाडीवर पूल नव्हता, तेव्हा एडिंबराहून उत्तरेला जाणारा प्रवासी ग्रँटन बंदरात गाडीतून उतरे, बोटीनं खाडी ओलांडे आणि बर्न्टआयलंडला दुसऱ्या गाडीत बसे. मालाचं काय करायचं? पोती आणि पेट्या दोनदा उतरवायच्या-चढवायच्या? थॉमस बाउच या इंजिनिअरनं त्यावर तोड काढली. १८५० साली 'लेव्हायथन' नावाची बोट सुरू झाली. तिच्यावर रूळच टाकलेले होते. काठावरून हलता उतार बोटीला टेकवायचा आणि मालाचे भरलेले डबे थेट बोटीवर ढकलायचे. रेल्वेचे डबे वाहून नेणारी ही जगातली पहिली अशी नियमित बोट मानली जाते.

याच बाउच साहेबांनी पुढे उत्तरेकडच्या टे नदीवर जवळजवळ दोन मैल लांबीचा लोखंडी पूल बांधला. तो १८७८ साली खुला झाला. राणी व्हिक्टोरिया त्यावरून गेली आणि बाउच 'सर' झाले. २८ डिसेंबर १८७९ हा रविवार होता. त्या संध्याकाळी वादळ सुटलं होतं. बोटीनं खाडी ओलांडून आलेले प्रवासी घेऊन एक गाडी बर्न्टआयलंडहून डंडीकडे निघाली. सव्वासातच्या सुमारास ती पुलाच्या मधल्या उंच भागावर असताना तो भाग कोसळला आणि इंजिन, पाच डबे, सामानाचा डबा सगळं नदीत गेलं. कोणीही वाचलं नाही. बळींचा आकडा बराच काळ ७५ सांगितला जात असे. पुढच्या संशोधनात नावानिशी खात्री पटली ती ५९ जणांची. चौकशीत पुलाची आखणी, बांधणी आणि देखभाल या तिन्ही गोष्टींत दोष निघाले. ऑक्टोबर १८८० मध्ये बाउच वारले.

आता १८८३ सालाकडे या. टेवरचा जुना पूल पडलेला, नवा व्हायला १८८७ उजाडणार. फोर्थवरचा तो प्रसिद्ध महाकाय पूल खुला होणार १८९० मध्ये. म्हणजे मधल्या काळात उत्तरेकडची सारी वाहतूक पुन्हा बोटीवर आणि या लहानशा बंदरावर. प्रतिकृतीत गर्दीचं स्टेशन, बोटीचा धक्का, रांगेनं उभे मालडबे दिसतात ते सजावट म्हणून नव्हे. एका दुर्घटनेनं ती गर्दी तिथे आणून ठेवली होती. पूल झाल्यावर डबे वाहणाऱ्या बोटी थांबल्या आणि बर्न्टआयलंडचं हे महत्त्व ओसरलं.

या गोष्टीतलं एक पात्र अजून राहिलं, ते म्हणजे इंजिन. नॉर्थ ब्रिटिश रेल्वेचं २२४ क्रमांकाचं हे इंजिन ग्लासगोच्या काउलेअर्स कारखान्यात १८७१ साली बांधलेलं. टे नदीच्या तळातून ते बाहेर काढलं गेलं, तेही काढताना पुन्हा पाण्यात पडत पडत. दुरुस्त होऊन ते परत कामाला लागलं आणि चांगलं १९१९ पर्यंत चाललं. रेल्वेतल्या लोकांनी त्याला नाव ठेवलं 'द डायव्हर', म्हणजे पाणबुड्या. नव्या पुलावरून ते न्यायला ड्रायव्हर कितीतरी वर्षं तयार नसत, असं सांगतात. म्हणजे १८८३ सालची प्रतिकृती करणाऱ्याला हे इंजिन आपल्या रुळांवर आणायची मुभा आहे; पण ते नदीतून बाहेर आल्यानंतरच्या रूपात. अपघातापूर्वीचं इंजिन आणि नंतरचं इंजिन यांतला फरक त्याला माहीत हवा.

इथे या छंदाची खरी कसोटी लागते. पुस्तक लिहिणाऱ्याला एक सोय असते. धक्क्यावरच्या कंदिलाचा खांब लाकडी होता की लोखंडी हे ठाऊक नसेल, तर तो त्या खांबाविषयी लिहीतच नाही. वाचकाला पत्ताही लागत नाही. प्रतिकृती करणाऱ्याला ही पळवाट नाही. खांब उभा करायचा तर तो कशाचा तरी करावा लागतो आणि त्याला कोणता तरी रंग द्यावा लागतो. म्हणून ही मंडळी जुने नकाशे, कारखान्यांचे आराखडे, बंदराची छायाचित्रं धुंडाळतात. स्टेशनमास्तरच्या खोलीला खिडक्या किती, कोळशाच्या डब्यावर अक्षरं कोणती, फलाटावरच्या बाईच्या झग्याचा घेर केवढा, असले प्रश्न एरवी कोण विचारतं?

रंगाचं उदाहरण घ्या. कॅलेडोनियन रेल्वेची इंजिनं निळी होती, हे सगळ्यांना ठाऊक. पण निळा कोणता? गडद की आकाशी? छायाचित्रं पाहावीत, तर ती कृष्णधवल. शिवाय त्या काळच्या काचांना निळा प्रकाश फार लवकर लागे आणि लाल जवळजवळ लागतच नसे. त्यामुळे छायाचित्रात निळं इंजिन फिकट दिसतं आणि लाल इंजिन काळं. त्यातून कारखान्याच्या अधिकृत छायाचित्रासाठी नवं इंजिन मुद्दाम राखाडी रंगवायची पद्धत होती. पुरावा हाताशी असूनही तो फसवू शकतो, हा धडा इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोठमोठ्या ग्रंथांतून शिकावा लागतो. रंगाचा ब्रश हातात धरलेल्या माणसाला तो पहिल्याच आठवड्यात मिळतो.

हायलँड रेल्वेचं १०३ क्रमांकाचं इंजिन ग्लासगोत १८९४ साली बांधलं गेलं. डेव्हिड जोन्स यांच्या या इंजिनाला पुढे चार लहान आणि मागे सहा मोठी चाकं होती आणि अशा मांडणीचं ते ब्रिटनमधलं पहिलं इंजिन. ते जपलं गेलं आणि १९५९ साली पिवळ्या रंगात पुन्हा रुळांवर आलं. गंमत म्हणजे त्या पिवळ्या रंगाचं जुनं नाव 'सुधारित इंजिन-हिरवा'! पण त्या वर्गाच्या इंजिनांना नेमानं धावण्याच्या काळात हा रंग कधी नव्हताच, असं जाणकार सांगतात. म्हणजे खरं इंजिन पाहून हुबेहूब प्रतिकृती करावी, तर तीही चुकायची.

मापाचीही अशीच कथा आहे. ब्रिटनमधलं सर्वांत रुळलेलं प्रमाण म्हणजे खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर. या मापानं पन्नास फुटी इंजिन वीस सेंटिमीटरचं होतं आणि एक मैल एकवीस मीटरचा. टेचा पूल मांडायचा तर चाळीस मीटर लांबीचं सभागृह लागेल! म्हणून अंतर आखडतं घ्यावं लागतं. ते सगळेच घेतात. वाद आहे तो रुळांचा. खऱ्या रुळांमधलं अंतर चार फूट साडेआठ इंच, म्हणजे या मापानं १८.८३ मिलिमीटर व्हायला हवं. बाजारात मिळणारे रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे. कारण असं, की मुळात रूळ होते साडेतीन मिलिमीटरच्या मापाचे. ब्रिटिश इंजिनं अंगानं बारीक. त्या मापाच्या अंगात तेव्हाची विजेची मोटर मावेना. मग वरचं अंग चारच्या मापाचं केलं आणि रूळ होते तसेच ठेवले. परिणामी बाजारातली गाडी जवळून पाहिली, तर पाय जुळवून उभी राहिल्यासारखी दिसते. काही मंडळींना हे खुपलं. त्यांनी चाकं आणि रूळ खऱ्या प्रमाणात स्वतः बनवायला सुरुवात केली. एकेक सांधा हातानं बसवायचा, आम्लानं कोरलेले पितळेचे भाग कथिलाचा डाख देऊन जोडायचे. बर्न्टआयलंडची मंडळी याच पंथातली.

स्कॉटलंडच्या इंजिनांसाठी एवढी खटपट का, याचं उत्तर ग्लासगोच्या स्प्रिंगबर्न भागात सापडतं. काउलेअर्स, सेंट रोलॉक्स, हाइड पार्क, अ‍ॅटलस हे इंजिनांचे चार मोठे कारखाने या एका भागात होते. १९०३ साली ग्लासगोतल्या तीन खासगी कंपन्या एक होऊन 'नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी' झाली, तेव्हा ती युरोपातली सर्वांत मोठी इंजिन बांधणारी कंपनी होती. तयार इंजिनं शहराच्या रस्त्यांवरून ओढत क्लाइड नदीच्या धक्क्यावर न्यायची, तिथे फिनिस्टनची अवाढव्य क्रेन ती उचलून जहाजात ठेवायची. हा सोहळा पाहायला रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे राहत.

त्यांतली कितीतरी जहाजं आपल्याकडे येत. दार्जिलिंगचा डोंगर चढणारं 'बी' वर्गाचं चिमुकलं इंजिन ग्लासगोच्या शार्प स्टुअर्ट कंपनीचं. स्वातंत्र्यानंतर देशभर मालगाड्या ओढणाऱ्या 'डब्ल्यूजी' इंजिनांची पहिली खेप १९५० साली नॉर्थ ब्रिटिशमधूनच आली. पण वाफेचा जमाना मावळला, डिझेलमध्ये कंपनीला जम बसवता आला नाही आणि १९६२ साली ती बंद पडली. त्याआधीच, १९२३ साली, स्कॉटलंडच्या पाचही मुख्य रेल्वे कंपन्या मोठ्या ब्रिटिश कंपन्यांत विलीन झाल्या होत्या. त्यांची शेकडो इंजिनं भंगारात गेली. उरली ती बोटांवर मोजण्याइतकी. हायलँड रेल्वेचं वर सांगितलेलं एकच, ग्लासगो अँड साउथ वेस्टर्नचं शंटिंगचं एक छोटं इंजिन, कॅलेडोनियनचं निळं १२३ आणि आणखी थोडी. बर्न्टआयलंडच्या धक्क्यावर १८८३ साली उभं असणारं इंजिन आज कुठे पाहायला मिळेल? फक्त त्या फळीवर, वीस सेंटिमीटर लांबीचं.

दरवर्षी ग्लासगोत 'मॉडेल रेल स्कॉटलंड' हे प्रदर्शन भरतं. ते ज्या जागी भरतं, तिथे पूर्वी जहाजांची गोदी होती, आणि फिनिस्टनची ती क्रेन आजही शेजारी उभी आहे. जिथून खरी इंजिनं जगभर गेली, तिथे आता त्यांच्या प्रतिकृती धावतात. कोणी म्हणेल, ही अधोगती झाली. मला तसं वाटत नाही. कारखाना वाचवणं या मंडळींच्या हाती नव्हतं. तिथे काय बनत होतं आणि ते कसं चालत होतं, याचं ज्ञान वाचवणं हाती होतं. ते त्यांनी केलं.

आपल्याकडेही पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे आणि पोरंसोरं घेऊन माणसं ते हौसेनं पाहतात. पण एक स्टेशन आणि एक साल धरून कोणी बसलं, तर आपल्याकडे काम अधिक सोपं आहे. ब्रॉडगेजवरची वाफेची शेवटची नियमित गाडी आपल्याकडे १९९५ साली धावली. त्या इंजिनांच्या भट्टीत कोळसा टाकलेली, लोकोशेडमध्ये पाने फिरवलेली माणसं मनमाड-भुसावळसारख्या रेल्वेच्या गावांत अजून भेटतील. स्कॉटलंडच्या हौशी माणसाला १८८३ सालचा कंदील कसा होता हे विचारायला कोणी उरलेलं नाही; तो नकाशे चाळतो. आपल्याला अजून विचारता येतं. शेडच्या दाराला रंग कोणता होता, पाण्याच्या टाकीखाली कोण बसायचं, इंजिनाच्या कपाळावर काय लिहिलेलं असायचं, हे एका वहीत उतरवून ठेवायला ना पितळ लागतं ना कथील. पुढे कधी कोणी फळी मांडून बसलाच, तर त्याला ती वही लागेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)