एक अहवाल आणि एक प्रबंध : एडिंबरा, १९७३

इ. स. १९७३ या एकाच वर्षी एडिंबरा विद्यापीठाशी निकटचा संबंध असलेली दोन लिखिते पुढे आली. पहिले म्हणजे केंब्रिजचे गणिती सर जेम्स लाइटहिल यांनी ब्रिटनच्या विज्ञान संशोधन परिषदेस सादर केलेला, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाचे मूल्यमापन करणारा अहवाल. दुसरे म्हणजे जे स्ट्रॉदर मूर या अमेरिकन विद्यार्थ्याचा पीएच. डी.चा प्रबंध. अहवालाचा गवगवा झाला. त्यावर ब्रिटिश दूरचित्रवाणीवर जाहीर वादही झडला. प्रबंधाची वार्ता त्या विषयातील मोजक्या मंडळींपलीकडे गेली नाही. या शाखेच्या इतिहासात अहवालाचा निर्देश आवर्जून होतो आणि त्याने संशोधनावर 'हिवाळा' आणला, असे सांगून लेखक पुढे जातात. ही मांडणी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. दोन्ही लिखिते शेजारी ठेवून वाचली, तर रोगनिदानाविषयी त्यांच्यात बरेचसे एकमत आढळते. भेद आहे तो उपचाराविषयी. हा भेद नेमका कोणता, हे पाहणे हाच या लेखाचा हेतू होय.

यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे. यंत्राकरवी प्रमेये सिद्ध करण्याच्या विद्येचा पायाही एका डॉक्टरेटच्या प्रबंधातच घातला गेला, ही गोष्ट लक्षणीय आहे. झाक एर्ब्रां या फ्रेंच तरुणाने १९३० साली पॅरिस येथे सिद्धतेच्या उपपत्तीवर प्रबंध सादर केला आणि पुढल्याच वर्षी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, आल्प्समध्ये गिर्यारोहण करताना तो मृत्यू पावला. 'सर्व', 'काही' अशा पदांनी युक्त विधानाची सत्यता ही साध्या, चलपदविरहित विधानांच्या एखाद्या सान्त समूहाच्या तपासणीवर आणता येते, असा त्याच्या सिद्धान्ताचा स्थूल आशय आहे. असा समूह शोधायचा म्हणजे अफाट उठाठेव. पण मनुष्यास जी कंटाळवाणी ती यंत्रास सुकर, या आशेने १९६० च्या सुमारास डेव्हिस, पटनम, गिल्मोर प्रभृतींनी तो मार्ग धरला. १९६५ साली जॉन अॅलन रॉबिन्सन यांनी 'रेझोल्यूशन' हा एकच अनुमाननियम मांडून या उठाठेवीचा मोठा भाग वाचवला. रॉबिन्सन यांचे मूळचे शिक्षण अभिजात भाषांचे आणि त्यांचा डॉक्टरेटचा विषय ह्यूमचे तत्त्वज्ञान! भाषा व तत्त्वज्ञान यांचे विद्यार्थी गणकयंत्रापासून अंग चोरतात, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

रेझोल्यूशनची पद्धत अशी : जे सिद्ध करावयाचे त्याचा निषेध गृहीत धरावा, तो इतर गृहीतांत मिसळावा, आणि परस्परविरोधी अंशांची काटाकाट करीत विसंगती हाती येईतो नवनवी विधाने काढीत जावे. विधान खरोखर निष्पन्न होत असेल तर विसंगती केव्हा ना केव्हा सापडतेच, अशी हमी या नियमास आहे. अडचण 'केव्हा ना केव्हा' या शब्दांत आहे. प्रत्येक पायरीवर निघालेली विधाने पुढल्या पायरीवर परस्परांत मिसळतात आणि त्यांची संख्या भूमितिश्रेढीने, किंबहुना त्याहूनही वेगाने, फुगत जाते.

एडिंबरा हे त्या काळी या कार्याचे एक प्रमुख केंद्र होते. डोनाल्ड मिकी यांच्या पुढाकाराने तेथे १९६६ साली यंत्र-बुद्धिमत्तेचा विभाग निघाला. त्याच्याच शेजारी बर्नार्ड मेल्टझर यांचा लहानसा तर्कविषयक संशोधनगट होता. रॉबर्ट कोवाल्स्की यांनी १९७० साली तेथेच डॉक्टरेट मिळवली; त्यांचा प्रबंध रेझोल्यूशनची पूर्णता व कार्यक्षमता यांवर होता. त्या पिढीतील विद्यार्थ्यांचा नित्याचा विषय हाच : शोधाला कोणता निर्बंध घालावा, की ज्यायोगे हमी टिकेल आणि पसारा आटोपेल? टेक्ससहून १९७१ साली एडिंबऱ्यास आलेल्या रॉबर्ट बॉयर यांचा प्रबंधही अशाच एका निर्बंधावर होता. कोवाल्स्की यांनी मार्सेयच्या आलँ कोलमेरोअर यांच्याशी केलेल्या विचारविनिमयातून पुढे 'प्रोलॉग' ही भाषा निघाली. कोलमेरोअर यांना मुळात हवे होते ते फ्रेंच वाक्यांचा अर्थ यंत्रास समजावण्याचे साधन. भाषाभ्यासकास जिव्हाळ्याचा असा हा विषय, पण तो स्वतंत्र लेखाचा.

लाइटहिल यांनी बोट ठेवले ते या पसाऱ्यावरच. सर्वसाधारण पद्धतींचा लहान उदाहरणांवर दिसणारा प्रभाव उदाहरण मोठे होताच 'पर्यायांच्या स्फोटात' नाहीसा होतो. जेथे यश येते तेथे ते पद्धतीचे नसून, मनुष्याने त्या विशिष्ट क्षेत्राविषयी यंत्रात भरलेल्या ज्ञानाचे असते, असा त्यांचा आक्षेप होता. तो गैरवाजवी होता असे म्हणता येत नाही. बॉयर यांचे टेक्ससमधील गुरू ब्लेडसो हेही त्याच सुमारास केवळ रेझोल्यूशनवर विसंबणे सोडून देत होते. लाइटहिल यांचा निष्कर्ष मात्र असा, की ही शाखा एकसंध नव्हे : तिचा एक भाग स्वयंचलनाकडे, दुसरा मेंदूच्या अभ्यासाकडे जावा, या दोहोंना जोडू पाहणारा मधला सेतू फोल आहे.

आता प्रबंधाकडे वळू. त्याच्या शीर्षकाचा मराठी तर्जुमा 'गणनात्मक तर्कशास्त्र : रचनांची सामायिक मांडणी आणि प्रोग्रामांच्या गुणधर्मांची सिद्धता' असा होईल. शीर्षकातील हे 'आणि' अव्यय बारकाईने पाहण्यासारखे आहे. पूर्वार्ध रेझोल्यूशनच्या परंपरेतला आहे. नवे विधान दरवेळी संपूर्ण लिहून न ठेवता, ते कोणत्या दोन विधानांपासून कोणत्या आदेशनांनी निघाले एवढीच खूण साठवावी, म्हणजे स्मृतीची प्रचंड बचत होते, अशी बॉयर-मूर यांची युक्ती त्यात मांडली आहे. प्रोलॉगच्या आरंभीच्या रचनांत ती उपयोगी पडली. उत्तरार्धात मात्र रेझोल्यूशन जवळजवळ नाहीच! एकाच प्रबंधाच्या दोन अर्धांची तोंडे अशी विरुद्ध दिशांना असावीत, हे परीक्षकांस कसे वाटले असेल कोण जाणे. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र त्यातच वळणाची जागा सापडते.

उत्तरार्धाचा प्रश्न साधा आहे. प्रोग्राम हा पुष्कळदा स्वतःचाच आधार घेऊन व्याख्यात केलेला असतो. अशा व्याख्येविषयीचे प्रमेय सिद्ध करण्यास गणिती विगमन लागते. रॉड बर्स्टल यांनी १९६९ मध्ये त्याची रीत एडिंबऱ्यातच दाखवली होती. पण कागदावर, आणि मनुष्याच्या हातून. विगमन कोणत्या पदावर करावे, हे यंत्रास कोणी सांगावे?

एक उदाहरण घेऊ. दोन याद्या एकापुढे एक ठेवण्याच्या क्रियेस 'जोड' म्हणू. तिची व्याख्या अशी : पहिली यादी रिकामी असेल तर उत्तर म्हणजे दुसरी यादी, नसेल तर पहिलीचा पहिला घटक बाजूस काढावा, उरलेली यादी दुसरीस जोडावी आणि तो घटक पुन्हा अग्रभागी ठेवावा. सिद्ध करावयाचे ते हे, की अ, ब, क या तीन याद्यांपैकी आधी ब व क जोडून मग तो जोड अ ला लावला काय, अथवा आधी अ व ब जोडून त्यास क लावली काय, फल एकच. मूर आणि बॉयर यांनी यंत्रास प्रथम नुसते गणित करावयास लावले. जणू अ, ब, क या प्रत्यक्ष याद्याच आहेत. अर्थातच यंत्र अडते, कारण अ रिकामी आहे की नाही हे त्यास ठाऊक नसते. हे अडणेच त्यांनी मार्गदर्शक मानले. डाव्या बाजूस गणित अ पाशी अडते व आत ब पाशीही अडते. उजवीकडे ते केवळ अ पाशी अडते, आणि ब तेथे 'जोड'च्या दुसऱ्या स्थानी असते. म्हणजे ब वर विगमन केल्यास एक बाजू मोकळी होईल, दुसरी तशीच राहील. अ वर केल्यास दोन्ही मोकळ्या होतील. यंत्र अ निवडते. अ रिकामी असता दोन्ही बाजू तत्काळ एक होतात. नसता दोहोंकडे तोच घटक अग्रभागी निघून येतो आणि खाली उरते ते विगमनाचे गृहीतक. सिद्धता संपली. लाखो विधानांत चाचपडणे नाही, मनुष्याचा इशाराही नाही.

याच रीतीने, व आवश्यक तेथे विधानाचे आपण होऊन सामान्यीकरण करून, त्या प्रोग्रामने यादी दोनदा उलटवली असता मूळ यादी मिळते, क्रमवारी लावणाऱ्या प्रोग्रामचे फल खरोखर क्रमाने असते, इत्यादी प्रमेये सिद्ध केली. क्षेत्र लहान होते हे खरे.

अहवाल व प्रबंध यांतील भेद येथे उघड होतो. शुद्ध सर्वसाधारण शोध चालत नाही, हे दोघांनाही मान्य. परंतु यंत्रात भरावयाचे ज्ञान एकेका क्षेत्राचेच असले पाहिजे, असे अहवाल मानतो. प्रबंधात भरलेले ज्ञान याद्यांविषयीचे नाही. सिद्ध करणारा मनुष्य कोठे थांबतो, थांबल्यावर काय पाहतो, याविषयीचे आहे. लाइटहिल यांच्या वाटणीत अशा ज्ञानास जागाच नव्हती. ते जिला फोल समजत होते ती सेतूची जागा ती हीच, असे म्हणणे थोडे अतिशयोक्तीचे होईल. पण फार नव्हे.

पुढील हकीकत थोडक्यात सांगता येते. १९७४ मध्ये एडिंबऱ्यातील विभागांची पुनर्रचना झाली. बॉयर व मूर त्यापूर्वीच अमेरिकेस परतले होते. १९८१ पासून ते ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात अध्यापन करू लागले. १९९४ साली इंटेल कंपनीच्या पेंटियम प्रक्रियकातील भागाकाराची चूक उघडकीस येऊन तिला ४७ कोटी ५० लाख डॉलरांची झळ सोसावी लागली. त्यानंतर १९९५ मध्ये एएमडी कंपनीच्या के-५ या प्रक्रियकाच्या भागाकाराची सूक्ष्म-आज्ञावली निर्दोष असल्याची सिद्धता मूर, लिंच आणि कॉफमन यांनी दिली, ती या प्रोग्रामच्या वंशजाच्या साहाय्याने. बॉयर, कॉफमन व मूर यांना २००५ सालचे एसीएमचे सॉफ्टवेअर प्रणाली पारितोषिक मिळाले.

मद्रासच्या आय.आय.टी.तून ऑस्टिनला गेलेल्या नटराजन शंकर यांनी १९८६ साली जो प्रबंध सादर केला, त्यात गेडेलच्या अपूर्णतेच्या प्रमेयाची सिद्धता बॉयर-मूर यांच्या प्रोग्रामकरवी तपासून घेतली आहे. १९९४ मध्ये तो ग्रंथरूपाने केंब्रिजहून प्रसिद्ध झाला. औपचारिक सिद्धतेची मर्यादा सांगणारे प्रमेय औपचारिक सिद्धतेच्याच यंत्रातून निघाले, हा त्यातील चटकन नजरेत भरणारा भाग. संशोधनेच्छू विद्यार्थ्याने तो प्रबंध वाचावा तो मात्र दुसऱ्या कारणासाठी. १९७३ चा प्रोग्राम मनुष्याचा इशारा न घेता चालत असे. १९८६ मध्ये शंकर यांना त्याच्यापुढे उपप्रमेये एकामागून एक, योग्य त्या क्रमाने, मांडावी लागली. कोणते उपप्रमेय कोठे हवे, हे त्यांनी कसे ठरवले, ते प्रबंधाच्या पानापानांतून दिसते. आणि त्या निवडीचा नियम त्यांच्या यंत्रात कोठेही लिहिलेला नाही.