ग्विदोची सहा अक्षरे

अकराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील पोंपोझा येथील मठात ग्विदो नावाचा बेनेडिक्टाइन संन्यासी मुलांना उपासनेतील गायन शिकवीत असे. त्या काळी प्रत्येक गीत गुरुमुखातून ऐकूनच पाठ करावे लागे. १० वर्षांच्या परिश्रमानंतरही, न ऐकलेले गीत गाण्याचा धीर गायकाला होत नसे.

ग्विदोने संत योहान बाप्तिस्ताचे एक लॅटिन स्तोत्र निवडले. त्याचे पहिले सहा खंड क्रमाने एकेक स्वर चढत सुरू होतात. त्यांच्या आद्याक्षरांतून ऊत, रे, मी, फा, सोल, ला ही स्वरनामे आली. ‘ऊत’चा ‘दो’ पुढे झाला. रेषांवर आणि रेषांमधील जागांत स्वर मांडून त्याने त्यांची उंची डोळ्यांनाही दाखविली. आता एक-दोन वर्षांत शिष्य तयार होऊ लागले.

मठातील सहकाऱ्यांच्या मत्सरामुळे ग्विदोला पोंपोझा सोडावे लागले. अरेझ्झोचे महागुरू थिओडाल्ड यांनी त्याला आश्रय दिला. पुढे पोप योहान १९ वे (१०२४-१०३२) यांनी त्याला रोमला बोलाविले. कधीही न ऐकलेले एक चरण स्वतः वाचून गाता येईपर्यंत पोपमहोदय आसनावरून हलले नाहीत, असे ग्विदोनेच एका पत्रात लिहिले आहे.

हीच विद्या गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून ‘सोल्फा’ म्हणून रुजली आणि तिच्या बळावर कित्येक गोमंतकीय वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ताठ मानेने उभे राहिले.

गायनवृंदात बुजणाऱ्या मुलाला नुसत्या ‘घाबरू नकोस’ने धीर येत नाही. त्याला स्वर वाचायला शिकवावे. धीर मागोमाग येतो.